वहीतला ‘भी’

दिवाळीला आठवडा राहिला होता. मी मोठ्या जाऊबाईंकडे चकल्या पाडायला गेले होते. भाजणी भिजवून झाली, कढई तापली आणि ऐन वेळी सोऱ्याची चकती सापडेना. ‘‘माळ्यावर बघ बरं, निळ्या डब्यात असेल,’’ त्या गॅसपाशी उभ्या राहूनच म्हणाल्या. मी स्टुलावर चढले. निळा डबा मिळाला, पण त्यात चकती नव्हती. त्यात माझ्या मुंगवड्यांची, मी घरी करून विकते त्या मूगडाळीच्या वाळवलेल्या वड्यांची, पाकिटं होती. मोजली तर अकरा भरली. एकाचंही तोंड फोडलेलं नव्हतं.

पाकिटावरची तारीख मीच शिक्क्यानं मारते. सगळ्यात खालचं पाकीट एप्रिलचं होतं, सगळ्यात वरचं सप्टेंबरचं. म्हणजे सहा महिने, महिन्याला दोनेक पाकिटं त्या नेमानं घेत होत्या, नेमानं पैसे पाठवत होत्या, आणि नेमानं माळ्यावर टाकत होत्या.

‘‘सापडली का गं?’’

‘‘नाही ताई,’’ म्हटलं आणि झाकण लावून खाली उतरले. चकती शेवटी गाळण्यांच्या ड्रॉवरमध्ये निघाली. चकल्या चांगल्या झाल्या. त्यातल्या दोन मी तिथंच उभ्या उभ्या खाल्ल्या आणि चवीकडे माझं लक्षच नव्हतं.

ही २०२२ ची दिवाळी. धंदा सुरू करून मला जेमतेम आठ महिने झाले होते.

त्याआधी चौदा वर्षं मी एका खासगी ऑफिसात हिशेब लिहीत होते. ते ऑफिस बंद झालं. वय पंचेचाळीस, शिक्षण बी.कॉम., घर हनुमाननगरात, सासऱ्यांनी बांधलेलं, वर मोकळी गच्ची. नागपुरातल्या गच्चीला मार्च ते मे जे ऊन मिळतं त्याची किंमत बाहेरगावच्या माणसाला सांगून कळत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि त्याच उन्हात आमच्या आज्या-पणज्या वर्षाचं वाळवण उरकून घ्यायच्या. कुरडया, सरगुंडे, सांडगी मिरची, मुंगवड्या. वाळवायचं मशीन डोक्यावर फुकट लटकलेलं आहे, मग आणखी काय पाहिजे, असा माझा हिशेब. अकाउंटंटचे हिशेब असेच चुकतात. त्याला जमेची बाजू फार लवकर दिसते.

हाताशी १८,५०० रुपये होते. नवऱ्याचे नाहीत, माझे. शेवटच्या पगारातून बाजूला ठेवलेले. त्यातून इतवारीच्या धान्यबाजारातून ४० किलो मूगडाळ आणली, ४,००० रुपये. जुना वेट ग्राइंडर ५,२०० ला मिळाला. पाकिटाचं तोंड दाबायचं सीलिंग मशीन १,६००, वजनकाटा १,१००, प्लास्टिकच्या शीट आणि मांजरपाट १,४००, पाकिटं आणि स्टिकर २,३००. अन्न परवान्याची छोट्या धंद्यासाठीची नोंदणी तेव्हा वर्षाला १०० रुपयांत होत होती, ती केली. चौदा आकडी नंबर आला, तो स्टिकरवर छापला. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत. ऑनलाइन बसले आणि अर्ध्या तासात उरकली. छापखान्यातल्या मुलानं ‘मुंगवडी’चं परस्पर ‘मूगवडी’ केलं होतं. म्हणाला, ‘‘ताई, शुद्धलेखन सुधारून दिलं.’’ त्याला म्हटलं, बाबा, इथं वडी विकायची आहे, व्याकरण नाही. पुन्हा छापून घेतली.

एवढं करून २,८०० उरले. ते माझं जाहिरातीचं बजेट.

या २,८०० चं काय झालं ते सांगते, कारण त्यावर मी नंतर फार विचार केला आहे. दोन हजार पॅम्प्लेट छापली, त्याचे १,८००. ती पेपरात घालून टाकायला पेपरवाल्याचे पन्नास पैसे नगाला, त्याचे १,०००. पहाटे साडेचारला मी स्वतः जाऊन गठ्ठे दिले. फूटपाथवर उकिडवी बसलेली पोरं पेपराच्या पोटात पॅम्प्लेट सारत होती, इतक्या झपाट्यानं की हात दिसत नव्हते. माझ्या पॅम्प्लेटच्या वर कोचिंग क्लासचं आणि खाली आर.ओ. फिल्टरवाल्याचं. तेव्हाच पोटात गोळा आला होता. फोन आले सात. एकानं विचारलं, डबा लावून मिळेल का. एक गृहस्थ भरदुपारी दोन वाजता पत्ता शोधत घरीच आले आणि वडा-भात मागू लागले. त्यांना ताक पाजून पाठवलं. खरी ऑर्डर दोघींनी दिली.

त्यातली एक त्रिमूर्तीनगरची बाई. आठ दिवसांनी तिचा परत फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘‘वड्या आहेत का गोटे आहेत तुमचे? अर्धा तास शिजवल्या. आतून कच्च.’’ मी काहीतरी गुळमुळीत बोलले, फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, हिला रांधता येत नसणार.

कारण तोवर बाकीच्या सगळ्यांनी वड्या ‘एकदम मस्त’ असल्याचं कळवलं होतं. बाकीचे म्हणजे कोण? माहेरचे, सासरचे, जुन्या ऑफिसातले, नवऱ्याच्या बँकेतले, मुलीच्या मैत्रिणींच्या आया, भिशीच्या बायका. व्हॉट्सॲपचं बिझनेसवालं ॲप फुकट आहे, त्यात मालाचे फोटो-भाव लावून ठेवता येतात. ते घेतलं आणि ओळखीच्या सगळ्यांना मेसेज टाकला. यूपीआयचा क्यूआर कोड भिंतीला चिकटवला. त्यालाही दुकानदाराला कमिशन पडत नाही. सगळं फुकटात झालं म्हणून मी खूश होते. पहिल्या उन्हाळ्यात ६३ गिऱ्हाइकं झाली. वहीत नीट रकाने पाडून लिहिली: नाव, तारीख, पाकिटं, पैसे.

चकल्यांच्या त्या रात्री घरी येऊन मी ती वही काढली आणि कडेला आणखी एक रकाना आखला. ज्यानं माझ्याकडे बघून घेतलं असेल, वडीकडे बघून नाही, त्याच्यासमोर ‘भी’ लिहायचं. भी म्हणजे भीड. मन घट्ट करून लिहीत गेले. ६३ पैकी ४१ भी निघाले. सख्ख्या बहिणीसमोर लिहिताना पेन थांबलं होतं, पण लिहिलं.

आता त्या फुकट मेसेजचा खर्च कुठं पडला होता ते दिसू लागलं. नवऱ्याच्या बँकेतला शिपाई दर महिन्याला एक पाकीट घ्यायचा. साहेबांच्या घरचं, नाही कसं म्हणणार? भिशीत माझा नंबर लागायच्या दिवशी बायका पर्समधून पैसे काढूनच यायच्या. माझ्या सासूबाईंनी पन्नास वर्षं वस्तीत जी माणसं जोडली, त्यांच्याकडून मी साठ-साठ रुपये वसूल करत फिरत होते. पॅम्प्लेटचे २,८०० तरी माझे होते.

आमच्याकडे वड्या घालायला एक मावशी येतात. सत्तरीच्या आहेत. जन्म भिवापूरकडचा, मिरचीच्या गावचा. दुसऱ्या दिवशी डाळ धुता धुता त्यांना माळ्यावरची गोष्ट सांगितली. मला वाटलं, चुकचुकतील. त्या म्हणाल्या, ‘‘मंग? भीड भिकेची बहीण. तुनं तिच्यापासून पैसे बी घेतले अन् तिले खोटं बोलाले बी लावलं. तिले पुसजो ना, काऊन नाही खाल्ल्या म्हणून.’’

पुसायला मला तीन आठवडे लागले. तुळशीच्या लग्नाला जाऊबाई आल्या होत्या. ऊस-बोरं आवरताना मी हळूच विषय काढला. त्या आधी लाल झाल्या, मग हसल्या आणि मग खरं सांगितलं. अकरा नव्हे, बारा पाकिटं घेतली होती. पहिलं फोडलं होतं. रस्सा केला, वड्या आतून कडकच राहिल्या. भाऊजींच्या दाढेखाली एक आली, त्यांनी ताट बाजूला सारलं. ‘‘तुला कसं सांगायचं? नोकरी गेलेली, नवीन काहीतरी उभं करून राहिली. म्हटलं, जाऊ दे, पैशाचं काय.’’

म्हणजे त्रिमूर्तीनगरच्या बाईला रांधता येत होतं.

हे मला फार लागलं, अजून लागतं. पेपरात टाकलेल्या कागदावर २,८०० गेले आणि मी सहा महिने सगळ्यांना सांगत फिरले की पैसे पाण्यात गेले. त्या पैशांत मला एक खरं वाक्य मिळालं होतं. ६३ माणसांत एक. ते वाक्य मी फोनवरच टाकून दिलं, कारण बाकीच्यांची गोड वाक्यं फुकट येत होती.

चूक काय होती ते मावशींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं, ‘‘वडी लहान टाकजो, मोठी आतून ओली रायते, मंग वरून वाळून गोटा होते.’’ पण मोठी वडी फोटोत छान दिसते, पाकीटही लवकर भरतं. शिवाय मी घाईत डाळ पार बारीक, गंधासारखी वाटत होते. मुंगवडीची डाळ रवाळ लागते. रात्री भिजवायची, सकाळी हातानं चोळून सालं काढायची, पाण्याचा थेंब न घालता वाटायची, मग मिरची-लसूण-जिरं घालून परातीत फेसत बसायचं. फेसली की नाही ते बघायला वाटीभर पाण्यात एक गोळी टाकायची. तरंगली तर झालं, बुडाली तर परत फेसा. मी ही पायरी गाळली होती. हात दुखायचा आणि घड्याळ दिसायचं.

मावशी वड्या घालतात ते बघण्यासारखं आहे. सकाळी सहाला शीट अंथरलेली, चारी कोपऱ्यांवर विटा. डाव्या हातात पिठाची वाटी, शेजारी पाण्याची. उजव्या हाताची तीन बोटं पाण्यात बुडवून पीठ उचलतात, अंगठा एकदाच पुढे सरकतो आणि वडी खाली. सगळ्या एका मापाच्या, बोराएवढ्या, वर बारीक शेंडी. माझ्या एका ओळीत त्यांच्या तीन होतात. अकराच्या सुमारास वरचा पापुद्रा धरतो, संध्याकाळी उलटायच्या. तिसऱ्या दिवशी सुपात घेऊन हलवायच्या. ओल्या असल्या तर आवाज बसका येतो, वाळल्या की खडखड वाजतात. मावशी सुपाकडे बघतही नाहीत, कान देतात. हे कसब मी पाकिटावर ‘पारंपरिक पद्धतीने’ या दोन शब्दांत उरकलं होतं.

बोराएवढ्या वड्या केल्या. पाकिटात चिठ्ठी घातली: आधी तेलात तांबूस परता, मग रश्शात कढत पाणी घाला, गार नको. पहिलं पाकीट त्रिमूर्तीनगरला पाठवलं, पैसे घेतले नाहीत. चार दिवसांनी फोन. ‘‘आता बऱ्या आहेत. मीठ जास्त आहे.’’ मीठ कमी केलं.

भावाचंही तेव्हाच बघितलं. पाव किलोचे ६० रुपये मी ठरवले होते, कारण ओळखीच्यांकडून जास्त कसे घ्यायचे? पुन्हा भीडच, फक्त आता माझी. एक किलो डाळीच्या साधारण ९०० ग्रॅम वड्या पडतात. डाळ १००, मिरची-मसाला २२, वाटणाची वीज १०, मावशींची मजुरी ४५, पाकीट-स्टिकर १८. झाले १९५. हातात यायचे २१६. किलोमागे २१ रुपये राहायचे, आणि माझी मजुरी त्यात धरलेलीच नव्हती. चौदा वर्षं दुसऱ्याच्या कंपनीच्या खर्चाचा पैसा-पैसा मांडणाऱ्या बाईनं स्वतःच्या धंद्यात स्वतःचा पगार लिहिला नव्हता. भाव ९० केला. भीवाल्यांतले निम्मे गळाले. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असणार.

या काळात मला लिज्जतची गोष्ट किमान वीस जणांनी ऐकवली. पापड-वड्यांचा धंदा करणाऱ्या बाईला ती ऐकवल्याशिवाय कुणी सोडत नाही. १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने, इमारतीची गच्ची, पहिल्या दिवशी चार पाकिटं. गोष्ट खरीच आहे आणि मोठीच आहे. पण ‘बघ, ऐंशी रुपयांत’ हे ज्या सुरात म्हटलं जातं, त्याचा मला राग येतो. त्या वर्षी दहा ग्रॅम सोनं शंभर रुपयांच्या आसपास होतं. ऐंशी रुपये म्हणजे जवळजवळ आठ ग्रॅम सोनं. आज कुणी मला आठ ग्रॅम सोनं उसनं देतं का बघा. बिनपैशाच्या धंद्याच्या गोष्टी सांगताना लोक पैसाच आधी विसरतात.

मला जवळची वाटते ती विकोच्या पेंढरकरांची गोष्ट, कारण ती आमच्या गावातून सुरू होते. केशव विष्णू पेंढरकरांचं नागपुरात किराणा दुकान होतं. पुढं ते मुंबईला गेले आणि १९५२ मध्ये विको सुरू केलं. घरात दंतमंजन तयार करायचं आणि दारोदार फिरून विकायचं. ते मोठ्या बाजारपेठेसाठी मुंबईला गेले असतील. पण माझ्या वहीच्या नजरेनं बघितलं तर मला वेगळंच दिसतं. मुंबईतल्या त्या दारामागे ओळखीचं कुणी नव्हतं. ज्यानं मंजन घेतलं त्यानं मंजनासाठी घेतलं, ज्यानं दार लावलं त्यानं तोंडावर लावलं. रोज संध्याकाळी पेटी किती हलकी झाली तेवढंच बघायचं. हा आपला माझा तर्क आहे, पण मला त्यांचा हेवा वाटतो.

मला मुंबईला जायचं नव्हतं. अनोळखी माणसं नागपुरातच शोधायची होती, आणि पैसे नव्हते. फोटो टाकायच्या एका ॲपवर हजार रुपये देऊन पोस्ट पुढं ढकलून बघितली. हजारो लोकांना दिसली म्हणे, बदाम आले, ऑर्डर एकही नाही. किराणा दुकानांत ठेवून बघितलं. इतवारीतले एक शेठ म्हणाले, ‘‘माल रख दो बहनजी, बिकेगा तो देंगे.’’ आमच्या भागातल्या एका दुकानदारानं पाकिटं फिनेलच्या बाटल्यांमागे ठेवली. दीड महिन्यानं परत आली तेव्हा वड्यांना फिनेलचा वास येत होता. तो नाद सोडला. अन्नप्रक्रियेच्या केंद्र सरकारच्या योजनेत तेव्हा खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं. एक सल्लागार ड्रायर घ्या म्हणून मागे लागला होता. उरलेलं कर्जच असतं, आणि मशीन आलं की त्याला रोज खाऊ घालावं लागतं. डोक्यावर नवतपा असताना मी विजेचा ड्रायर घेणार नव्हते.

वाट सापडली ती घरातल्याच एका ड्रॉवरमध्ये. त्यात वाणाचं सामान भरलेलं आहे: चहाच्या गाळण्या, प्लास्टिकच्या डब्या, साबण ठेवायच्या बश्या, कंगवे, कधीही न पेटलेले लायटर. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या घरी असा एक ड्रॉवर असतो. डिसेंबरमध्ये तो आवरताना डोक्यात आलं की प्रत्येक यजमानीण दहा-पंधरा रुपयांची काहीतरी वस्तू पन्नास-शंभर नग विकत घेतेच. ती वस्तू माझी का नको? चाळीस ग्रॅमचं छोटं पाकीट, तिघांच्या एका रश्शापुरतं. मला १२ रुपयांना पडतं, १५ ला द्यायचं. नमुना मी वाटायचा नाही. तो दुसरीनं विकत घेऊन पन्नास घरांत पोचवायचा. आणि ज्या घरी पोचेल त्या बाईला माझी ओळख नाही, माझी नोकरी गेल्याचं ठाऊक नाही. वडी आवडली तर ती पाकिटावरच्या नंबरला फोन करेल, नाही तर ते पाकीट गाळण्यांच्या शेजारी पडेल. मला त्याचं काही वाटायचं कारण नाही.

पहिली ऑर्डर प्रतापनगरच्या एका बाईची, ७५ पाकिटं. वहीत तिच्यासमोर ‘भी’ नाही. २०२३ ला संक्रांत १५ जानेवारीला होती आणि रथसप्तमी २८ ला, म्हणजे जेमतेम चौदा दिवस. तेवढ्यात सहा हळदीकुंकवांत ४१० पाकिटं गेली. हिशेबानं नफा १,२३०. पण पुढच्या दोन महिन्यांत ३८ अनोळखी फोन आले आणि २९ जणींनी माल घेतला. त्यातल्या बऱ्याच जणींचं एकच: मुलगा पुण्यात, मुलगी हिंजवडीला, ‘‘तिकडे मुंगवडी मिळत नाही हो.’’ कुणी जाणारं असलं की एक किलो पिशवीत, नाही तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल. माझं गिऱ्हाईक कोण, हे मला तेव्हा कळलं. मी वर्षभर खाणाऱ्याला शोधत होते. विकत घेणारी होती त्याची आई.

पाकिटावर तेव्हापासून एक ओळ छापते: ‘हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.’ व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. मला ही अट आवडते. ओळखीचा माणूस भिडेपोटी मेसेजला अंगठा दाखवतो. अनोळखी बाई नंबर सेव्ह करते ती तिला वडी पाहिजे म्हणून.

एक गोष्ट मात्र या वाणात खुपते. मावशींनी जानेवारीभर ती पाकिटं भरली, तोंडं दाबली, हळदीकुंकवाच्या बोटाएवढी गुलाबी रिबीन प्रत्येकावर बांधली. त्या विधवा आहेत. त्यांतल्या एकाही हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांना नव्हतं. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, ‘‘मले कायले पायजे? माही वडी जाऊन रायली ना.’’ आता काही जणी सगळ्यांनाच बोलावतात. तशी यजमानीण असली की मी पाकिटांसोबत मावशींनाही पाठवते, माल पोचवायला म्हणून. त्या लुगडं बदलून जातात.

त्याच मार्चात अवकाळी आला. दुपारी चारला आभाळ काळं झालं, आम्ही शीट ओढेपर्यंत टपोरे थेंब. २२ किलो डाळीच्या वड्या भिजल्या. पंख्याखाली पसरल्या, दोन दिवसांत बुरशी. मावशींनी एक वडी फोडून वास घेतला आणि काही न बोलता टोपली उचलली. चार हजारांहून जास्तीचं नुकसान. मी रडवेली होऊन भिजलेल्या शीटचा फोटो स्टेटसला टाकला. दोन दिवसांत तीस ऑर्डरी! नवरा म्हणाला, बघ, हीच खरी जाहिरात. मला पण क्षणभर वाटलं. मग वही काढली. भी लिहावं का? हे लोक तर अनोळखी होते. शेवटी ‘की’ लिहिलं. कीव. त्या तीसपैकी पुन्हा मागवलं चौघींनी. त्यानंतर आभाळ फाटलं तरी स्टेटसला टाकत नाही.

२०२४ ला पंचांगानं हात दिला. रथसप्तमी १६ फेब्रुवारीला आली, तेहेतीस दिवसांचा हंगाम. आम्ही दोघी पुरेनात म्हणून आणखी दोघींना बोलावलं. नफ्या-तोट्याचं तपशीलवार सांगत नाही. नोकरीतल्या पगाराच्या जवळ आले आहे, एवढं खरं. आता नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं की आधी रथसप्तमी बघते, मग सुट्ट्या.

जाऊबाई आता माझं गिऱ्हाईक नाहीत. दिवाळीला त्यांना अर्धा किलो तशाच देते, त्या खातात की नाही विचारत नाही. भाऊजींनी एकदा मागून घेतल्या होत्या, तेवढं आठवणीत आहे.

मागच्या महिन्यात माझ्या भाचीनं साबणाचा धंदा सुरू केला. संत्र्याच्या सालीचे, हातानं केलेले, प्रत्येकाला सुतळीचं बांधणं. इंजिनिअरिंग झालेली पोरगी, नोकरी लागली नाही. तिचा मेसेज आला तेव्हा मी बघितल्याबरोबर चार साबण मागवले. १२० ला एक. ‘किती गोड दिसतायत गं,’ असंही लिहिलं. ते चारही बाथरूमच्या वरच्या फळीवर तसेच होते. परवा तिनं विचारलं, ‘मामी, कसे वाटले? प्लीज खरं सांग.’

काल सकाळी एक फोडला. वास झकास आहे, देठाकडून संत्रं सोलताना येतो तसा. पण फेस होत नाही, आणि हातात पाच मिनिटांत चिकट लगदा होतो. दुसरा फोडून बघितला, तोही तसाच.

हात पुसून फोन घेतला. एकदा ‘मस्त आहे’ टाइप केलं आणि पुसलं. मग तिला फोनच लावला.